सहाव्या ओळीपासून खाली

फेब्रुवारी २०१६. मी नाशिकमध्ये इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाला होतो आणि डेटाबेस नावाचं प्रकरण नुकतंच स्वतःहून शिकायला लागलो होतो. कॉलेजच्या फेस्टसाठी आम्हा चौघांना एक वेबपेज बनवायचं होतं. तेव्हा गुवाहाटी आणि शिलाँगला बारावी दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धा सुरू होती, म्हणून आम्ही तिची पदकतालिका घेतली. रोज रात्री आकडे हातानं भरायचे, पेजनं ते क्रमानं दाखवायचे. देश आठ. पण माझ्या फोनवर आठ ओळी धड बसेनात, खालचं बटण झाकलं जायचं. मी क्वेरीच्या शेवटी 'लिमिट ५' लिहिलं आणि झोपलो.

स्पर्धा संपली त्या दिवशी नेपाळ, मालदीव आणि भूतान हे तीन देश आमच्या पेजवर नव्हते. कोणाच्या लक्षात आलं नाही. माझ्याही नाही. आम्हाला फेस्टमध्ये दुसरं बक्षीस मिळालं.

हे आज आठवायचं कारण म्हणजे हल्ली यजमानपदाची चर्चा जोरात आहे. २०३० ची राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला मिळाली, २०३६ च्या ऑलिंपिकसाठी प्रयत्न चाललेत. माझ्या फीडमध्ये स्टेडियमची थ्रीडी चित्रं येतात, त्याखाली 'आता जग बघेल' छापाच्या कमेंट. आणि शेजाऱ्यांची स्पर्धा, जी आपण तीनदा भरवली (१९८७ कलकत्ता, १९९५ मद्रास, २०१६ गुवाहाटी-शिलाँग), ती २०१९ नंतर झालेलीच नाही. तिच्याबद्दल एक ओळसुद्धा फीडमध्ये येत नाही. जगाला जेवायला बोलावणाऱ्या घरानं शेजारच्या सात घरांशी कसं वागायचं असतं, हा प्रश्न मला पडलाय. तो सोडवायला ती जुनी पदकतालिका पुन्हा उघडली. या वेळी पूर्ण.

पहिली ओळ सगळ्यांना माहीत असते. भारत : १८८ सुवर्ण, ९० रौप्य, ३० कांस्य, एकूण ३०८. त्या स्पर्धेत एकूण सुवर्णपदकं होती २३९. म्हणजे दर पाच सुवर्णांतली जवळपास चार यजमानाच्याच घरात राहिली. रौप्यपेक्षा सुवर्ण दुप्पट आणि कांस्य सगळ्यात कमी, असा उलटा पिरॅमिड एरवी कुठं बघायला मिळत नाही. कुस्तीत १६ पैकी १४ सुवर्ण आपली.

यावर दोन प्रतिक्रिया ठरलेल्या. एक, छाती फुगवायची. दुसरी जरा शिकलेल्या लोकांची : यात काय मोठं, गल्लीत सगळ्यात मोठा मुलगा आपणच, बॅटही आपलीच. मी तेव्हा दुसऱ्या गटात होतो. आपण फार हुशार आहोत असं वाटण्याचं वय होतं ते. दोन्ही प्रतिक्रिया देणारे लोक तालिकेची फक्त पहिली ओळ वाचतात, हे कळायला मला बराच वेळ लागला.

माझे वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. बरीच वर्षं हरसूलच्या पट्ट्यात होते. त्यामुळे सावरपाड्याच्या कविता राऊतचं नाव आमच्या घरात पेपरात यायच्या आधीपासून. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत तिनं १०,००० मीटरमध्ये कांस्य मिळवलं, त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य, तेव्हा पप्पांनी शाळेत पेढे वाटले होते. गुवाहाटीला ती मॅरेथॉन धावली आणि २ तास ३८ मिनिटं ३८ सेकंदांत सुवर्ण जिंकली. दुसरी आणि तिसरी दोघी श्रीलंकेच्या, आणि दुसरी दहा मिनिटांहून जास्त मागे.

पप्पांनी पेपर माझ्यासमोर धरला. मी म्हटलं, "पप्पा, पण समोर होतं कोण?"

ते म्हणाले, "बेचाळीस किलोमीटर होते."

मला ते मास्तरी उत्तर वाटलं. पण त्यात हिशोब होता. रिओ ऑलिंपिकच्या महिला मॅरेथॉनची पात्रता वेळ होती २ तास ४५ मिनिटं. ती वेळ गाठायला मोजलेला, मान्यताप्राप्त रस्ता लागतो, अधिकृत घड्याळ लागतं, पंच लागतात, पाण्याची टेबलं लागतात. गुवाहाटीच्या रस्त्यावर ते सगळं मांडून ठेवलेलं होतं. कविता राऊत तिथून रिओला गेली. तिच्या मागे कोणी किती अंतरावर होतं यानं त्या ३८ मिनिटांत एक सेकंदाचाही फरक पडत नव्हता. पायरीला उंची लागत नाही फार, ती जागेवर असावी लागते. नाशिकच्या पोरांना हे नवीन नाही. पेठ-सुरगाण्याचं पोर आधी तालुका धावतं, मग जिल्हा, मग राज्य. दक्षिण आशिया ही त्याच जिन्यातली पुढची पायरी.

आता दुसरं उदाहरण, जे तुम्हाला माहीत आहे पण इथं आहे हे कदाचित माहीत नसेल. त्याच गुवाहाटीत पुरुषांच्या भालाफेकीत नीरज चोप्रा नावाच्या अठरा वर्षांच्या मुलानं ८२.२३ मीटरवर सुवर्ण जिंकलं. रौप्य श्रीलंकेला. कांस्य ७८.३३ मीटरवर पाकिस्तानच्या अर्शद नदीमला. आमच्या पेजवर ती तीन पदकं तीन देशांच्या रकान्यात एक-एक करून जमा झाली आणि विरघळून गेली. २०१९ ला काठमांडूत अर्शदनं ८६.२९ मीटर फेकून सुवर्ण घेतलं आणि त्या एका फेकीवर तो टोकिओ ऑलिंपिकला थेट पात्र ठरला. टोकिओचं सुवर्ण नीरजचं. पॅरिसला २०२४ मध्ये अर्शदचं, ९२.९७ मीटरच्या ऑलिंपिक विक्रमासह, आणि नीरजला रौप्य. २०२५ मध्ये टोकिओतल्या जागतिक स्पर्धेच्या अंतिम फेरीत बारा भालाफेकपटू होते, त्यातले चार दक्षिण आशियातले : नीरज, सचिन यादव, अर्शद आणि श्रीलंकेचा रुमेश पथिरगे. ज्या प्रकारात कालपर्यंत युरोपच्या मक्तेदारीची भाषा चालायची, तिथं ही अवस्था आहे. 'समोर होतं कोण' या माझ्या प्रश्नाचं हे दुसरं उत्तर.

पण मी अजूनही मोठ्या माणसांबद्दलच लिहितोय. तालिकेत खाली जाऊ.

बांगलादेश : चार सुवर्ण. त्यातलं एक वेटलिफ्टिंगमध्ये माबिया अख्तर सीमांतचं. ती पोडियमवर उभी राहिली, झेंडा वर जायला लागला, राष्ट्रगीत सुरू झालं आणि ती सॅल्यूट करता करता रडायला लागली. थांबेचना. तो व्हिडिओ तेव्हा बांगलादेशात घराघरात फिरला. मी तो पाच वर्षांनी, लॉकडाऊनमध्ये पाहिला. आपण १८८ वेळा आपलं राष्ट्रगीत वाजवलं. त्या मुलीच्या देशाचं राष्ट्रगीत त्या बारा दिवसांत चार वेळा वाजलं, तेही भारताच्या जमिनीवर. दोन्ही गीतं एकाच कवीची आहेत हे मी शाळेत पाठ केलं होतं, आणि त्या व्हिडिओपर्यंत मला त्याचा अर्थ कळलेला नव्हता. ती चार वेळा ज्या स्पर्धेमुळे वाजली तिची किंमत यजमानाच्या ओळीवरून कशी ठरवणार?

नेपाळ : तीन सुवर्ण. भूकंपाला जेमतेम दहा महिने झाले होते. त्या तिनातलं एक पुरुषांच्या फुटबॉलचं. गुवाहाटीच्या प्रेक्षकांसमोर नेपाळनं अंतिम सामन्यात भारताला २-१ हरवलं. हॉकीतही आपण अंतिम सामना पाकिस्तानशी ०-१ हरलो. मी लिमिट लावून ज्या देशाला पेजवरून काढलं, त्यानं आमच्याच घरात येऊन फुटबॉल जिंकला होता. आणि तालिकेला हे सांगता येत नाही. तिच्या दृष्टीनं फुटबॉलच्या अख्ख्या संघाचं एक सुवर्ण आणि नेमबाजीतलं एका माणसाचं एक सुवर्ण सारखंच.

शेवटच्या दोन ओळी तर सॉर्टिंग शिकवताना उदाहरण म्हणून वापराव्यात अशा आहेत. मालदीव : दोन रौप्य, एक कांस्य, एकूण तीन. भूतान : एक रौप्य, पंधरा कांस्य, एकूण सोळा. आधी सुवर्ण मोजा, मग रौप्य, मग कांस्य या नियमानं मालदीव सातवा आणि भूतान शेवटचा. सोळा वेळा पोडियमवर चढलेला देश तीन वेळा चढलेल्या देशाच्या खाली. हा कोडमधला बग नाही, नियमच तसा लिहिलाय. नियम कोणाच्या सोयीचा, हे बघायला पहिल्या ओळीपर्यंत वर जावं लागतं. (अमेरिकन माध्यमं एकूण पदकांवर क्रम लावतात. तेही त्यांच्या सोयीचं असतं. तालिका भोळी कुठलीच नाही.) मालदीवचं पुढं काय झालं तेही सांगतो : २०१९ ला काठमांडूत पुरुषांची १०० मीटर शर्यत त्यांच्या हसन सईदनं जिंकली. दक्षिण आशियातला सगळ्यात वेगवान माणूस त्या वर्षी अशा देशाचा होता, ज्याची अख्खी लोकसंख्या नाशिक शहराच्या निम्मीही नाही.

इथं थोडं नाशिकचं बोलतो. आमचं गाव यजमानकीवरच जगतं. सिंहस्थ २०१५ मध्ये होऊन गेला होता, पुढचा २०२७ मध्ये पूर्ण रंगात येईल. रामकुंडावर गेलात तर एक गंमत ऐकू येईल. तिथले गुरुजी यजमान कोणाला म्हणतात? बाहेरून आलेल्या माणसाला. "या यजमान, गाव कोणतं? आडनाव काय?" मग वही निघते, त्यात आजोबा-पणजोबांची नावं निघतात. ज्याच्यासाठी विधी चाललाय तो यजमान. घर गुरुजींचं, घाट गावाचा, पण यजमान पाहुणा. घरात बायका नवऱ्यालाही यजमान म्हणतात, ती वेगळी कथा. खेळाच्या पानावर मात्र यजमान म्हणजे ज्याच्याकडे स्टेडियम आहे तो. मला रामकुंडाचा अर्थ जास्त पटतो : स्पर्धा ज्याच्यासाठी भरवली गेली, तो यजमान. मग गुवाहाटीत यजमान कोण होतं? मला विचाराल तर माबिया.

असं भारताला कधी जमलं नाही असं नाही. मार्च १९५१ मध्ये दिल्लीत पहिली आशियाई स्पर्धा झाली. अकरा देश आले. स्वातंत्र्य मिळून चार वर्षं होत होती, देशात धान्याची टंचाई होती. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला जपानला येऊ दिलं नव्हतं, युद्धातला पराभूत म्हणून. दिल्लीनं जपानला बोलावलं. जपान आला आणि २४ सुवर्णांसह पहिला आला. यजमान भारत १५ सुवर्णांसह दुसरा. आपल्याच दारात बोलावलेल्या पाहुण्यानं आपल्याला मागे टाकलं आणि कोणाचं काही बिघडलं नाही. अर्थात १९५१ गोड करून सांगायचं तर पाकिस्तान तेव्हाही आला नव्हता, हेही सांगायला हवं.

काठमांडूचं २०१९ हे दुसरं उदाहरण. दशरथ स्टेडियम भूकंपात तडकलं होतं, ते दुरुस्त करून तिथं स्पर्धा घेतली. तीन सुवर्णांचा नेपाळ ५१ वर गेला, एकूण २०६ पदकं, आणि दुसरा आला. यावर शंका घेता येते, घ्यावीच : कराटे, तायक्वांदो अशा त्यांच्या हुकमी खेळांचा त्यात मोठा वाटा होता. गुवाहाटीत आपल्या हुकमी खेळांचा नव्हता का? खो-खो त्या स्पर्धेत पहिल्यांदा आपणच आणला आणि पुरुष, महिला दोन्ही सुवर्णं घेतली. पण खो-खोची गोष्ट तिथं संपली नाही, हे मला आवडतं. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. महिलांच्या संघाची कर्णधार प्रियंका इंगळे, पुरुषांचा प्रतीक वाईकर, दोघंही आपल्या महाराष्ट्राचे. दोन्ही अंतिम सामन्यांत समोर होता नेपाळ. हरले ते, पण तिथवर आले. आपण अंगणातला खेळ शेजाऱ्याला शिकवला आणि तो खेळायला लागला. यजमानपदाचा याहून चांगला हिशोब मला माहीत नाही.

आता आजचं. चौदावी स्पर्धा पाकिस्तानकडे आहे. लाहोर, इस्लामाबाद, फैसलाबाद अशी ठिकाणं ठरली, तारखा आल्या, गेल्या. या विलंबाचं सगळं खापर एका बाजूवर फोडणं सोपं आहे. पण गुवाहाटीची स्पर्धासुद्धा मुळात २०१२ ला दिल्लीत व्हायची होती. डिसेंबर २०१२ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनं आपल्या ऑलिंपिक संघटनेला निलंबित केलं, ते फेब्रुवारी २०१४ ला उठलं, आणि ढाक्यानंतर शेजारी सहा वर्षं थांबले. आपल्या घरातल्या भांडणासाठी थांबले.

एप्रिल २०२५ मध्ये पहलगाम झालं. त्यानंतर पाकिस्तानबरोबर खेळायचं का, हा प्रश्न हलका राहिलेला नाही, आणि ज्यांच्या घरातली माणसं गेली त्यांना खिलाडूवृत्तीचं प्रवचन मी देणार नाही. पण मी जे पाहिलं ते सांगतो. नीरज चोप्रानं बंगळुरूला स्वतःच्या नावाची भालाफेक स्पर्धा ठेवली होती आणि हल्ल्याच्या आधी अर्शदला आमंत्रण पाठवलं होतं. त्याबद्दल त्याला आणि त्याच्या घरच्यांना इतक्या शिव्या पडल्या की देशाला ऑलिंपिक सुवर्ण देणाऱ्या माणसाला स्वतःच्या देशप्रेमाचा खुलासा लिहावा लागला. पॅरिसच्या रात्री अर्शदही आमचाच मुलगा म्हणणाऱ्या त्याच्या आईचं तेव्हा याच फीडनं कौतुक केलं होतं. ऑगस्टमध्ये क्रीडा मंत्रालयानं धोरण सांगितलं : पाकिस्तानशी द्विपक्षीय सामने नाहीत, बहुराष्ट्रीय स्पर्धांत खेळता येईल. सप्टेंबरमध्ये क्रिकेटचा आशिया चषक झाला. यजमान भारत, सामने दुबई आणि अबुधाबीत. भारत आणि पाकिस्तान तीनदा खेळले, हस्तांदोलन न करता.

माझं म्हणणं इथं आहे. क्रिकेटसाठी उपाय निघाला. यजमान एकाचा, मैदान तिसऱ्याचं, नियम नवे, सगळं काही आठवड्यांत जुळलं, कारण त्यात जाहिरातीचा पैसा होता. भालाफेक, वेटलिफ्टिंग, मॅरेथॉन, खो-खो यांच्यासाठी तसा उपाय काढायला कोणी बसलंही नाही. कोलंबो नाही का? काठमांडू नाही का? तिथं तर दोनदा, तीनदा स्पर्धा झालेल्या आहेत. देशभावनेचा मी आदर करतो, पण जी देशभावना आशिया चषकाच्या वेळी तिसरं मैदान शोधू शकते आणि सुरगाण्याच्या धावपटूच्या वेळी शोधू शकत नाही, तिचा हिशोब मला तपासून बघावासा वाटतो. आणि जो देश २०३६ मध्ये दोनशेहून जास्त देशांचं पथसंचलन भरवायचं म्हणतो, त्यानं आधी सात शेजाऱ्यांची स्पर्धा वेळेवर होण्यासाठी पुढाकार घ्यावा. त्यातल्या पहिल्या ओळीवर आपण बसलेलो आहोत, तेव्हा खालच्यांच्या तारखेची काळजी आपणच करायची. भूतान काय करणार?

आता नोकरीमुळे आठवडाभर खुर्चीतच असतो, म्हणून शनिवार-रविवारी सकाळी गोल्फ क्लब मैदानावर पळायला जातो. पळणं कसलं, चार फेऱ्या आणि मग मिसळ. तिथं सुरगाण्याकडची एक मुलगी पाच हजार मीटरचा सराव करते. तीन मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहते. तिला माझी घड्याळाची ॲप आवडली, त्यावरून बोलणं सुरू झालं. मी कॉम्प्युटरवाला म्हटल्यावर तिनं मागच्या महिन्यात विचारलं, "दादा, ती साऊथ एशियन कधी आहे बघा ना. सर म्हणतात होईल, पण तारीख सांगत नाहीत."

मी फोनवर शोधलं. एक तारीख सापडली, ती रद्द झाल्याची बातमी सापडली, पुढची तारीख आणि तिच्यापुढे 'शक्यता'. मी तिला ते तसंच वाचून दाखवलं. तिनं बोटांवर स्वतःचं वय मोजलं.

"मग मी भरतीचाच फॉर्म भरते," ती म्हणाली. पोलीस भरतीत सोळाशे मीटर नाही, आठशे असतात मुलींना, एवढंच मला माहीत होतं, ते मी सांगितलं. ती म्हणाली ते तिला माहीत आहे. तिच्या अजून सहा फेऱ्या बाकी होत्या, ती गेली.